दैवगतीने नव्हे

रेवदंडा,
ता. १४ जानेवारी १९३४, संक्रांत

सौ. वेणूआक्का हिला केसरचा नमस्कार.

दोन वर्षांनी कागद लिहिते आहे. अक्षर बघून बाजूला टाकू नकोस. शेजारच्या मास्तरणीकडून वाचून घे, तुझ्या घरधन्याकडून, येसाजी भावोजींकडून, नको. का, ते पुढे कळेल.

सासूबाईंचे गुडघे दुखतात, तरी सकाळी सुकट निवडायला बसतात. रतनला सातवं लागलं. पहिलीत घातली आहे, महिन्यात दोन पाट्या फोडल्या. चुलत सासरे गेले ते तुला कळलंच असेल. आज गोड बोलायचा दिवस आहे, मी माझ्याकडून बघते जमतं का.

आपला दावा पुढच्या महिन्यात उभा राहतो. अलिबागच्या कोर्टात, १९ तारखेला. तू "आपला" म्हणणार नाहीस, ठाऊक आहे. पण दावा माझ्या एकटीचा नाही. त्यात वादी म्हणून तीन नावं आहेत: मी, रतन आणि तुझी आई.

तू दहाव्याला आलीस, रडलीस आणि गेलीस. मग आपलं भांडण झालं. तुझा भाऊ कसा मेला ते तुला नीट कोणी सांगितलंच नाही, म्हणून सांगते.

एकतीस सालचा डिसेंबर. सकाळी आठचा सुमार. दोन गाड्या सुक्या मासळीच्या, अलिबागच्या बाजाराला निघालेल्या. पुढची आपली, मागची त्यांच्या जोडीदाराची, तुळशीरामची. नागावच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना वाड्यांचे दगडी गडगे आहेत आणि मधे रस्ता चिंचोळा. तिथे बोंबलांचं एक गाठोडं सुटायला लागलं, म्हणून हे खाली उतरले आणि गाडीच्या उजव्या अंगाने दोर धरून चालू लागले. तेवढ्यात मागून रावजीशेटची सर्व्हिस मोटार आली. तिच्या मागे दुसऱ्या मालकाची. दोघींना अलिबागेत आधी पोचायचं होतं, रेवसच्या बोटीची पाशिंजरं उचलायला. रावजीशेटच्या मोटारीने तुळशीरामची गाडी मागे टाकली आणि आपल्या गाडीच्या चाकाला येऊन धडकली. मधे तुझा भाऊ होता. दुपारपर्यंत जिवंत होता.

ड्रायव्हर सदा, त्याला फौजदारीत पन्नास रुपये दंड झाला. शेटने भरला आणि त्याच्या पगारातून कापून घेतला. सरकारचं काम तिथे संपलं.

मग तेराव्यानंतर भावोजी तो कागद घेऊन आले. तू म्हणालीस, केसरने घरच्या माणसाचा अपमान केला, कागद तोंडावर फेकला. मी फेकला नाही, वाचला. भावोजींनी शाईची गादी उघडून माझा अंगठा धरायला हात पुढे केला होता. मी चौथीपर्यंत शिकले आहे हे ते विसरले. कागदावर लिहिलं होतं की बाळाजी स्वतःच्या चुकीने रस्त्याच्या मधे आला, मृत्यू दैवगतीने झाला, मोटारमालकाचा काही दोष नाही, मालक केवळ दया म्हणून शंभर रुपये देत आहेत.

आक्का, घरात तेव्हा दोन पायली तांदूळ होता. शंभर रुपये मला नको होते असं नाही. पण त्या वाक्याखाली मी माझं नाव घालणार नव्हते. ते वाक्य काढा, मग बघू, असं मी म्हटलं. भावोजी म्हणाले, वाक्य काढलं तर शेट पैसे कशाचे देईल?

त्यावरून दावा. कोर्टाची फी भरायला पैसे नव्हते, म्हणून आधी नादारी सिद्ध करावी लागली. बेलीफ घरी येऊन भांडी मोजून गेला. सासूबाईंनी त्याला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "हा तांब्या पण लिव, राहील न्हाय तर."

आता कामाचं. शेटच्या वकिलाने साक्षीदारांची यादी दिली आहे. तिच्यात येसाजी भावोजींचं नाव आहे. बाळाजी ताडी पिऊन गाडी हाकायचा असं ते सांगणार. तुझा भाऊ शिमग्याला प्यायचा, लग्नात प्यायचा. गाडी जुंपली की नाही. तुला ठाऊक आहे, सासूबाईंना ठाऊक आहे, भावोजींनाही ठाऊक आहे. मी दावा मागे घेणार नाही, तेव्हा ती विनंती नाही. विनंती एवढीच की मेलेल्या माणसाच्या तोंडाला आपल्याच घरातून वास लावू नका.

आमच्याकडून तुळशीराम साक्ष देईल. त्याने सगळं डोळ्यांनी बघितलं आहे. त्याच्याबद्दल आणखी काही लिहीत नाही.

तुझ्या भावाची बायको,
केसर

*

रेवदंडा,
ता. २५ फेब्रुवारी १९३४

आक्का,

उत्तर आलं नाही. भावोजी मात्र आले. कोर्टाच्या पायऱ्यांवर भेटले, नवा कोट होता. मला म्हणाले, "कशी आहेस?" मी म्हटलं, "आत सांगते."

दोन दिवस काम चाललं. तुझ्या भावाचं काम होतं, तेव्हा तुला ऐकण्याचा हक्क आहे. मी सगळं लिहिणार आहे. एक गोष्ट शेवटी लिहीन, कारण ती आधी लिहिली तर तू पुढचं वाचून घेणार नाहीस.

आमचे वकील दिघे, वयाने लहान, घाईने बोलणारे. त्यांनी मला आधी महिनाभर प्रश्न विचारून छळलं. नवरा महिन्याला काय आणायचा? पावसाचे चार महिने गाडी बंद, तेव्हा काय करायचा? त्याला स्वतःला किती लागायचं? भाकऱ्या दोन की तीन? तंबाखू किती? धोतरं वर्षाला किती? मी विचारलं, हे कशाला? ते म्हणाले, तो गेल्याने तुमचं जे बुडालं तेवढंच कोर्ट देतं. तो आणायचा त्यातून तो स्वतः खायचा ते वजा करायचं, उरलं ते तुमचं नुकसान. तुमच्या दुःखाचा पैसा कायद्यात नाही.

मी घरी येऊन भाकऱ्या मोजल्या, आक्का. तीन खायचे, चौथी रतनला भरवता भरवता अर्धी त्यांच्याच पोटात जायची. वकिलांना मी अडीच सांगितल्या. मग लाज वाटली आणि दुसऱ्या दिवशी जाऊन साडेतीन म्हणून सांगून आले.

पहिल्या दिवशी आधी तुळशीराम पिंजऱ्यात गेला. मोटार किती जोरात होती, कशी आली, सगळं सांगितलं. हलला नाही. मग मी.

दिघे वकिलांनी बजावलं होतं की बाळाजी रस्त्याच्या कुठल्या अंगाला होता ते तुम्ही पाहिलेलं नाही, तेव्हा "मला ठाऊक नाही" म्हणा. पलीकडच्या वकिलांनी तेच विचारलं. "बाई, तुमचा नवरा गाडीच्या उजव्या बाजूने, म्हणजे रस्त्याच्या मध्यावरून चालत होता, हे तुम्हाला सांगण्यात आलं की नाही?"

मला नागावला बोलावून नेलं तेव्हा ते जिवंत होते, दुपारपर्यंत, आणि त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. त्यांनी स्वतःच मला सांगितलं होतं. म्हणून मी म्हटलं, "व्हय. त्यानंच सांगितलं. उजव्या अंगाला व्हता, दोर धरून."

"म्हणजे चूक त्याचीच."

"गाठोडं सुटत व्हतं उजव्या अंगाला. डाव्या अंगाला चालून उजवीकडचा दोर कसा धरतात, ते तुमी दाखवा."

मागे कोणी तरी हसलं. जज्जसाहेबांनी मान वर केली, तेव्हा गप्प झालं. पण मला हसू आलं नव्हतं. पलीकडचे वकील म्हणाले, ज्याने स्वतः निष्काळजीपणा केला त्याला कायद्याने एक पैसाही मिळत नाही. दोघांची चूक असेल तर निम्मे असंही नाही, काहीच नाही. आक्का, मी खरं बोलले आणि त्याच्याने दावा बुडतो की काय असं वाटलं.

मग आणखी एक प्रश्न आला. त्याचं मी उत्तर दिलं आणि खाली उतरले. दिघे वकील माझ्याकडे बघेनात. का, ते शेवटी.

दुसऱ्या दिवशी सदा ड्रायव्हर. दोन वर्षांत अंगाने निम्मा झाला आहे. रावजीशेटच्या वकिलांनी त्याच्याकडून वदवलं की आपण सावकाश जात होतो, भोंगा वाजवला, गाडीवान बाजूला झाला नाही, बैल बुजले आणि तोच आडवा आला. शेटने "सावकाश जा" अशी ताकीद दिली होती, असंही वदवलं. म्हणजे चूक ठरलीच तर ती नोकराची, मालकाची नाही.

दिघे वकील उठले. आवाज अगदी हळू. मला वाटलं त्यांनी आशा सोडली.

"सदा, भोंगा किती वेळा वाजवलास?"

"तीन वेळा साहेब. देवाशपथ."

"पहिला कुठे?"

"विहिरीजवळ. रस्त्याला लागून विहीर हाय तिथं."

"का वाजवलास?"

"पुढं गाड्या व्हत्या ना."

"गाडीवान दिसला होता?"

"दिसला. दोर धरून चालत व्हता."

"विहिरीपासून तिथपर्यंत अंतर किती?"

पंचनाम्यात होतं, एकशे दहा पावलं. दिघे वकिलांनी कागद पुढे केला आणि पुन्हा हळूच विचारलं, "एकशे दहा पावलांवरून माणूस दिसला. तीनदा भोंगा वाजवलास. ब्रेक किती वेळा लावलास?"

जज्जसाहेब म्हणाले, "उत्तर दे."

"लावला न्हाय."

"का?"

सदाने रावजीशेटकडे बघितलं. शेट खिडकीबाहेर बघत होते. मग तो म्हणाला, "ब्रेक लावला असता तर मागची मोटार पुढं गेली असती. पाशिंजरं तिला मिळाली की माझा त्या दिवसाचा पगार जातो. शेटचा नेम हाय तसा."

लेखनिकाने ते शब्दाला शब्द उतरवून घेतलं. मला त्या माणसाचा राग यायला हवा होता. आलाही. पण त्याच्या पलीकडे बसलेल्या माणसाचा जास्त आला.

बाहेर चिंचेखाली सदा माझ्यापाशी आला. म्हणाला, "बाय, चुकलं माझं."

मी म्हटलं, "हे तू दोन वर्सांपूर्वी सांगायचं व्हतंस. फौजदारासमोर."

"तवा नोकरी व्हती," तो म्हणाला. "आजपासून न्हाय."

मी त्याला माफ केलं असं लिहिणार नाही. केलं नाही. पण त्याला जायला वाट दिली.

आता भावोजी. त्यांनी सांगितलं, बाळाजी प्यायचा. दिघे वकिलांनी विचारलं, त्या दिवशी प्याला होता? भावोजी म्हणाले, असेल. तुम्ही त्या दिवशी कुठे होता? मुंबईला, गोदीत. मग वास मुंबईपर्यंत आला का? भावोजींनी नव्या कोटाची गुंडी काढली. मग विचारलं की तडजोडीचा कागद नेण्याबद्दल शेटकडून किती घेतले. आधी काही नाही म्हणाले, मग वाटखर्च म्हणाले, मग वीस रुपये म्हणाले. त्यातला एक आणा तुझ्या हातात आला असेल तर मला कळव. मी हे तुला गेल्या कागदात लिहिलं नाही, कारण मला तेव्हा नुसता संशय होता आणि संशयावर मी तुझं घर ढवळणार नव्हते. आता त्यांनीच शपथेवर सांगितलं आहे.

तुझ्या आईने मात्र दोन वाक्यांत साक्ष संपवली. "माझा पोर्‍या गाडीवर बसून कधी प्याला न्हाय. बैलाला वास आवडत न्हाय, त्यो सांगायचा." झालं.

आता ते शेवटचं.

मला पिंजऱ्यात पलीकडच्या वकिलांनी विचारलं, "बाई, तुमच्या जातीत विधवेला पुन्हा लग्न करता येतं? पाट लागतो?"

"लागतो."

"मग तुम्हालाही दुसरा पोशिंदा मिळेल. नवरा मेल्याने तुमचं फारसं नुकसान नाही."

मी म्हटलं, "पोशिंदा मला नको. सुकटीची टोपली डोक्यावर घेऊन मी अलिबागला येते, त्यावर तीन माणसं जेवतात. तुमच्या बंगल्यावर पण माझीच सुकट जाते, स्वयंपाकिणीला विचारा."

ते हसले. मग कागद चाळत, सहज विचारावं तसं विचारलं, "हा तुळशीराम तुमचा कोण?"

दिघे वकिलांनी सांगून ठेवलं होतं, "शेजारी" म्हणा. तेही खोटं नव्हतं, तिसरं घर आहे. आधी मला त्यांनी बसवून समजावलं होतं. पाटाचं कळलं तर तुमचा हिस्सा कापला जाईल, आणि तुळशीरामची साक्ष घरच्या माणसाची म्हणून कोर्ट धरणार नाही. दोन्हीकडून मार. तेव्हा निकाल लागेपर्यंत गप्प राहा, मग वाटेल ते करा.

मी गप्प राहणार होते, आक्का. पिंजऱ्यात चढेपर्यंत तसंच ठरलं होतं. पण समोर रावजीशेट होते, आणि मला तो शाईच्या गादीचा कागद आठवला. त्यांनी खोटं लिहून आणलं म्हणून मी दोन वर्षं त्यांना कोर्टात ओढलं आणि आता शपथ घेऊन मीच झाकाझाक करायची?

मी म्हटलं, "तो माझ्या नवऱ्याचा जोडीदार व्हता. मला त्याच्याशी पाट लावायचा हाय."

वकिलांना एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. लगेच म्हणाले, "कधीपासून? नवरा जिवंत असल्यापासून?"

"न्हाय. गेल्या गणपतीला मी त्याला इचारलं."

"त्याने तुम्हाला विचारलं, असं म्हणायचं आहे?"

"मी त्याला इचारलं. तो चार दिवस काय बोलला न्हाय, मग व्हय म्हणाला."

"हे सांगण्याने तुमचंच नुकसान आहे, माहीत आहे?"

"माहीत हाय."

"मग का सांगता?"

"तुमी इचारलं म्हणून."

तर हे आहे, आक्का. गेल्या कागदात मी त्याच्याबद्दल आणखी काही लिहीत नाही असं लिहिलं, ते हे. तुला कोर्टाआधी सांगायला हवं होतं, तू मोठी नणंद. धीर झाला नाही. चारचौघांत सांगायला झाला, तुला सांगायला झाला नाही. याचं कारण माझं मला ठाऊक नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. कारण एवढंच की रावजीशेटने मला वाईट म्हटलं तर मला झोप लागते. तू म्हटलंस तर लागत नाही.

त्यांच्या जागी मी कोणाला बसवत नाही. तुळशीराम वेगळा माणूस आहे. तोही विधुर. मोटार आली त्या दिवशी त्याने तुझ्या भावाला उचलून वाळवणाच्या चटईवर घातलं आणि बैल बिथरले होते म्हणून त्यांच्या जागी स्वतः गाडीला खांदा देऊन नागावपर्यंत आणलं. मी त्याला विचारलं ते त्यासाठी नाही. त्याच्याशी बोलताना मला थकवा येत नाही, त्यासाठी.

सासूबाई कोर्टातून येताना गाडीत एक अक्षर बोलल्या नाहीत. चार दिवस नाही. काल बोंबील वाळत घालताना म्हणाल्या, "तुळशीरामाला तिखट सोसत न्हाय, लहानपणापासून. कालवणात मिरची बघून घाल." मी मान हलवली आणि पुढचा बोंबील उचलला.

निकाल अजून राखून ठेवला आहे. तू काय म्हणायचं ते म्हण, पण लिहून म्हण.

केसर

*

रेवदंडा,
ता. २२ एप्रिल १९३४

आक्का,

तुझं कार्ड पोचलं. मास्तरणीचं अक्षर सुरेख आहे, त्यामुळे शिव्यासुद्धा नीट वाचता आल्या. उत्तर सगळ्याचं देते.

आधी निकाल. परवा लागला. दिघे वकिलांनी इंग्रजीतून मराठी करून पायरीवर बसून आम्हाला सांगितला. तुळशीरामची साक्ष जज्जसाहेबांनी बाजूला ठेवली, तो आता परका राहिला नाही म्हणून. पण पुढे लिहिलं आहे की तिची गरजही नाही. बाळाजी उजव्या अंगाला होता, आणि तसं त्याच्या बायकोने स्वतः कबूल केलं. मात्र ड्रायव्हरला तो एकशे दहा पावलांवरून दिसला होता. अपघात टाळण्याची शेवटची संधी ड्रायव्हरच्या हातात होती, बाळाजीच्या पाठीला डोळे नव्हते. दिसत असून ज्याने मोटार थांबवली नाही, चूक त्याची. आणि सदा मालकाच्या मोटारीवर, मालकाच्या फेरीला, मालकाच्याच नियमाला भिऊन ती हाकत होता. "सावकाश जा" म्हणून नुसतं तोंडाने सांगितल्याने मालक सुटत नाही. भरपाई रावजीशेटने द्यायची.

दिघे वकील म्हणाले, बाई, तुम्ही उजव्या अंगाचं लपवलं असतं आणि ते पुढे उघडं पडलं असतं, तर कोर्टाने आपल्या कशावरच विश्वास ठेवला नसता. हे त्यांना आता सुचलं.

मागितले तीन हजार होते, मिळाले तेराशे. रतनला सातशे, तुझ्या आईला चारशे, मला दोनशे. माझा हिस्सा कापला, मी पुन्हा लग्न करणार म्हणून. या दोन-अडीच वर्षांपुरताच धरला. दिघे वकिलांना फार लागलं. म्हणाले, एका उत्तराचे तुमचे पाचशे गेले. मी म्हटलं, जाऊ दे. रतनचा आणि म्हातारीचा पैसा कापला नाही ना? नाही म्हणाले. मग झालं.

निकालाच्या कागदात एक वाक्य मी त्यांच्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि मराठीत उतरवून घेतलं. "मृत्यू दैवगतीने झालेला नाही." सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "आमाला ठाव व्हतं. शेटला वाचून दाखव." रावजीशेट वर अपील करणार म्हणतात. करू देत. मी पुन्हा उभी राहीन. आता मला कोर्टाची वाट पाठ झाली आहे.

आता तुझं कार्ड.

मी तुझ्या भावाचं नाव बाजारात मांडलं म्हणतेस. ते नाव रावजीशेटच्या कागदावर दोषी म्हणून लिहिलेलं होतं. सरकारी कागदावर लिहून घेऊन तो डाग मी पुसून आणला. तू काय केलंस, ते मी विचारत नाही.

मी पैशासाठी रडले आणि पैसा येताच दुसरा धरला म्हणतेस. पैसा अजून आलेला नाही आणि दुसरा मी कोर्टात, पैसा जाणार हे ठाऊक असताना सांगितला. मास्तरणीला हे वाक्य दोनदा वाचायला सांग.

आणि रतन. तू लिहितेस, "पाट लाव नाही तर समुद्रात जा, पण आमच्या भावाची पोर दुसऱ्याच्या घरात वाढणार नाही. हे तिला न्यायला येतील." आपल्यात तशी रीत आहे, मला माहीत आहे. आई पाट लावून गेली की पोर बापाच्या घरची. गावकीही तेच म्हणाली. मी गावकीपुढे बसून सांगितलं की बापाच्या घरची म्हातारी माझ्याबरोबर येते आहे, तेव्हा बापाचं घरच माझ्याबरोबर येतं आहे. सासूबाई पुढे होऊन म्हणाल्या, "मी सुनेकडं राहणार. पोर आजीकडं राहणार. आता काय ते बोला." गावकी तेवढ्यावर उठली. तुझी आई तिथे होती आणि तू नव्हतीस, हे लक्षात ठेव.

आणखी एक. रतनचे सातशे कोर्टात जमा राहतील, ती अठरा वर्षांची होईपर्यंत. जिच्याजवळ रतन, तिच्याजवळ पैसा, असं होणार नाही. मी मागितले तरी मला मिळणार नाहीत, आणि ते मीच जज्जसाहेबांना सांगून तसं करून घेतलं. भावोजींना हे वाचून दाखव. तरी त्यांना रतनला न्यायला यायचं असेल तर खुशाल येऊ देत, मी दारातच आहे.

हे सगळं रागाने लिहिलं, आणि राग खोटा नाही. पण तू त्यांना पाठीवर घेऊन वाढवलंस, सासूबाई सांगतात. त्यांच्या डाव्या भुवईवरचा व्रण तुझ्या हातून पडला म्हणून तू तीन दिवस जेवली नव्हतीस. मला ते सगळं ठाऊक आहे. तुझा भाऊ गेला आणि तुझ्या हातात भांडायला मी एकटीच उरले. तुझ्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं, कदाचित.

येत्या गुरुवारी पाट आहे. आपल्यात पाट रात्री लावतात, दिवा बारीक करून, सवाष्णींनी तोंड बघू नये म्हणून. मी नाही म्हटलं. मी काही चोरलेलं नाही. सकाळी नऊ वाजता, अंगणात, उन्हात लागेल. भटजी यायला तयार नाही, तर जातीतला म्हातारा माणूस लावील. पोरी, म्हाताऱ्या, ज्यांना यायचं त्या येतील. रतनला नवा परकर शिवला आहे, तिला मी पुढे बसवणार आहे.

तू ये. एकटी ये. बुधवारच्या बोटीने रेवसला उतर, तिथून अलिबागपर्यंत मोटार मिळते. पुढे पाहिजे तर मी तुळशीरामची गाडी पाठवते. आलीस तर तुझ्या आईजवळ बस आणि काय भांडायचं ते माझ्याशी तोंडावर भांड. मी ऐकून घेईन आणि उत्तरही देईन. नाही आलीस तरी पाट लागणार, आणि रतन दर वर्षी तुला तिळगूळ पाठवणार, तू परत पाठवलास तरी.

रतनची आई,
केसर